टाच टेकायला जागा

माणसाला टाच असते, ही गोष्ट मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी कळली. म्हणजे ती आधीपासून होतीच. पण डोकं असलेल्या माणसाला आपल्याला डोकं आहे हे जसं ते दुखेपर्यंत कळत नाही (काहींना दुखूनही कळत नाही), तसंच टाचेचं. मी चालायला लागलो तेव्हा माझं वजन दहा किलो असेल, आता ब्याऐंशी आहे. एवढ्या वर्षांत ह्या बिचारीने कधी महागाई भत्ता मागितला नाही, कधी मोर्चा काढला नाही. आणि श्रावणातल्या एका सोमवारी पहाटे साडेपाच वाजता, कसलीही नोटीस न देता, तिने बेमुदत संप पुकारला.

मी नेहमीसारखा पलंगावरून उतरलो, उजवा पाय फरशीवर टेकवला आणि "आई गं!" म्हणून परत पलंगावर बसलो. शेजारच्या खोलीतून आई म्हणाली, "काय रे?" चौपन्नाव्या वर्षी "आई गं" म्हटल्यावर खरोखरीची आई ओ देते, हे भाग्य फार थोड्यांना मिळतं, पण त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही. फरशीतून कुणी खिळा तर वर काढून ठेवला नाही ना, म्हणून मी वाकून पाहिलं. फरशी साफ होती. आमची शहाबादी फरशी चोवीस वर्षांपूर्वी बसवली तशीच, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

हे दुखणं मोठं लबाड असतं. सकाळचं पहिलं पाऊल म्हणजे तापलेल्या सुईवर ठेवलेलं पाऊल. दहावं पाऊल जरा बरं. पन्नासाव्या पावलाला माणूस सरळ चालू लागतो आणि शंभराव्याला त्याला आपण उगाच ओरडलो की काय अशी लाज वाटू लागते. म्हणजे बायको चहा घेऊन येईपर्यंत पुरावा नष्ट. मग जरा टेकावं, पेपर वाचावा आणि उठावं, की पुन्हा "आई गं!" तापाला थर्मामीटर आहे, खोकल्याला आवाज आहे, फोडाला निदान दाखवायला तोंड आहे. टाचदुखीला काहीही नाही. ती दिसत नाही, ऐकू येत नाही आणि साक्षीदारासमोर तर ती हमखास पळ काढते. 'टाच आणणे' ह्या शब्दप्रयोगाचा अर्थ मी वर्गात तीस वर्षं 'जप्ती आणणे' असा सांगत आलो. आता अनुभवाने सांगू शकतो की टाच खुद्द टाचेवरच आली, तर माणसाचं सगळंच जप्त होतं.

पण मी इथे दुखणं सांगायला बसलेलो नाही. मी भांडायला बसलो आहे. टाच दुखू लागल्यापासून माझी चार जणांशी भांडणं झाली. ती एकेक करून सांगतो. मग वाचकांनी निवाडा करावा.

पहिलं भांडण सल्ल्याशी.

वडवणीसारख्या गावात लंगडत चालणं ही खाजगी गोष्ट राहू शकत नाही. आमचं गाव बीड-परळी रस्त्यावरचं. तालुक्याचं असल्यामुळे सगळ्या खेड्यांतली माणसं इथे येतात आणि त्यांतली निम्मी माझे माजी विद्यार्थी किंवा त्यांचे पालक असतात. घरापासून शाळेपर्यंतच्या त्या दहा मिनिटांच्या वाटेवर मला पहिल्याच दिवशी अकरा तज्ज्ञ भेटले.

"काय ओ सर, पाय कामून वढायलाव?"

"टाच दुखायलीय."

"आसं व्हय! आवं, सोप्पंय. वीट तापवा लाल, तिच्यावर रुईचं पान ठिवा आन् द्या टाच टेकवून. आमच्या मामाचं तीन दिवसांत पळालं."

दुसऱ्याने बिब्बा सांगितला. तिसऱ्याने एरंडेल. चौथ्याने काशाच्या वाटीने तूप चोळायला सांगितलं; तळवा काळा पडला की उष्णता निघाली असं समजायचं. (तूप आणि काशाची वाटी घासत बसलात तर काळं होणारच. उष्णता निघते ती चोळणाऱ्याच्या मनगटातून.) पाचव्याने मला काटेरी रबराची सपात आणून दिली. ती घालून मी चार पावलं चाललो आणि शरपंजरी पडून भीष्मांना काय वाटलं असेल ते मला कळलं. फरक एवढाच की भीष्म आडवे होते. सहाव्याने नुसतंच वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि "सर, वजन" एवढंच म्हणाला. हा गृहस्थ माझ्याहून वीस किलोंनी जास्त आहे, पण त्याची टाच दुखत नसल्यामुळे त्याला बोलण्याचा अधिकार आहे.

मी वीट तापवली. होय, तापवली. विज्ञानाचा शिक्षक असूनही तापवली. दुखणारा माणूस आधी दुखणारा असतो, विज्ञानाचा शिक्षक मागाहून. रुईचं पान ठेवलं आणि टाच टेकवली. पुढच्या दोन सेकंदांत काय झालं ते सभ्य मासिकात छापता येणार नाही. टाचेला रुपयाएवढा फोड आला. आधी आत दुखत होतं, आता बाहेरूनही दुखू लागलं. मला मधुमेह नाही म्हणून फोडावर भागलं. ज्याला आहे आणि ज्याच्या तळव्याची संवेदना गेलेली आहे, त्याला वीट कितपत तापली आहे हेही कळत नाही. बिब्ब्याचं तर विचारूच नका. तो कातडी जाळतो हे ठाऊक असूनही लोक एकमेकांना तो वाटाण्या-फुटाण्यांसारखा वाटत असतात. माझा मुद्दा एवढाच आहे: ज्याला सल्ला द्यायचा आहे त्याने तो आधी स्वतःच्या टाचेवर करून दाखवावा. एवढा एक नियम केला, तर वडवणीच्या रस्त्यावर इतकी शांतता पसरेल की एसटी आल्याचं घरात बसून ऐकू येईल.

दुसरं भांडण फोटोशी.

फोड बरा झाल्यावर मी बीडला जाऊन टाचेचा एक्स-रे काढून आणला. आमच्या घराण्यात टाचेचा फोटो काढणारा मी पहिलाच. एका डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि पेन्सिलीने दाखवलं, "हे बघा, हाड वाढलंय." खरोखरच टाचेच्या हाडाला पुढच्या बाजूने कोंबड्याच्या नखीसारखं टोक आलेलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ते टोक आत मांसात रुततंय, रोज वाढतंय आणि एक दिवस ते बूट फाडून बाहेर येणार, असं चित्र मला दिसू लागलं. डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शन घेऊन टाका." 'घेऊन टाका' हे त्यांनी अशा सुरात म्हटलं की जणू रस्त्यावर चहा घेऊन टाकायचा आहे.

मी विचार करून सांगतो म्हणालो. शिक्षकाला हे वाक्य फार चांगलं येतं.

पुढे माझाच एक विद्यार्थी, जो आता हाडांचा डॉक्टर झाला आहे आणि ज्याला मी नववीत गृहपाठ न केल्याबद्दल बाकावर उभं केलं होतं, त्याने मला खरी गोष्ट समजावून सांगितली. तो म्हणाला, "सर, तुमच्या डाव्या टाचेचाही फोटो काढू." काढला. डाव्या टाचेतही तसंच टोक! आणि डावी टाच तर गाय होती गाय, एका शब्दाने दुखत नव्हती. असं टोक कितीतरी न दुखणाऱ्या टाचांत असतं आणि कितीतरी दुखणाऱ्या टाचांत नसतं. घरात चोरी झाली तेव्हा दारात कुत्रं बसलेलं होतं, म्हणून कुत्र्याला चोर ठरवायचं, तसला हा न्याय.

खरा आरोपी दुसराच असतो. तळव्याच्या कातडीखाली, टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो. त्याला प्लँटार फॅशिया म्हणतात. धनुष्याला दोरी असते तसा हा पट्टा पायाची कमान ताणून धरतो. तासन् तास कडक जमिनीवर उभं राहणं, वाढलेलं वजन, आखडलेल्या पोटऱ्या, किंवा वर्षभर बसून राहून एकदम एके दिवशी वारीला निघणं, ह्यांनी तो टाचेपाशी कुरतडल्यासारखा होतो. रात्री पाय सैल पडला की तो आखडतो, आणि सकाळी पहिल्या पावलाला ब्याऐंशी किलो त्याच्यावर एकदम येऊन पडतात. "आई गं!" तिथून येतं.

ह्या दुखण्याला प्लँटार फॅशायटिस म्हणतात. त्यातल्या 'आयटिस'चा अर्थ दाह, सूज. पण २००३ साली अमेरिकेत अशा ५० शस्त्रक्रियांमध्ये काढलेले तुकडे तपासले, तेव्हा त्यांत दाहाच्या नव्हे तर झिजेच्या खुणा सापडल्या. म्हणजे नावातच खोट. निदान जुनाट दुखण्यात तरी नुसती सूज उतरवत बसण्यात अर्थ नाही. बर्फाने शेकलं (गोठवलेली पाण्याची बाटली पायाखाली पंधरा मिनिटं घोळवायची) तर ठणका कमी होतो. वेदनेच्या गोळीने दोन-चार दिवस निभतात. त्याला माझी हरकत नाही. पण बर्फ आणि गोळी म्हणजे ओरडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात ठेवणं. पोर गप्प होतं. त्याची तक्रार तशीच राहते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचंही तसंच. काही आठवडे बरं वाटतं, म्हणून फारच असह्य झालं तर कधी देतातही; पण पुन्हा पुन्हा घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी झिजते आणि क्वचित तो पट्टाच तुटतो. ही काही 'घेऊन टाकण्याची' वस्तू नव्हे.

"मग करायचं काय?" मी विचारलं.

"गृहपाठ," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर नववीतलं काहीतरी उमटून गेलं.

गृहपाठ असा. सकाळी उठण्यापूर्वी, पाय जमिनीला लागण्याच्या आधी, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढायची, तळव्यातला पट्टा तारेसारखा ताणला गेला की दहा आकडे मोजायचे आणि सोडायचं. असं दहा वेळा, आणि दिवसातून तीनदा. नुसत्या पोटरीच्या ताणापेक्षा ह्या ताणाने जास्त बरं वाटतं, हेही २००३ सालीच पडताळून झालेलं आहे. ठणका जरा उतरला की दुसरा धडा: पायरीच्या कडेवर उभं राहायचं, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, आणि टाच तीन आकड्यांत वर, दोन आकडे तिथेच, तीन आकड्यांत खाली. एक दिवसाआड. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१४ साली हे तपासलं. तीन महिन्यांत ताणापेक्षा ह्याने जास्त उतार पडला, वर्षअखेरीला मात्र दोन्ही गटांची गाडी एकाच स्टेशनात आली. आणि शेवटचा धडा धीराचा. दहांतल्या आठ-नऊ जणांची टाच सुईशिवाय, सुरीशिवाय बरी होते. पण महिन्यांच्या हिशेबाने होते, दिवसांच्या नव्हे. अपवाद त्याने बजावून सांगितले: टाच लाल, गरम झाली, मुंग्या येऊ लागल्या, पडल्यानंतर पाय टेकवेनासाच झाला, किंवा तरण्या माणसाच्या टाचेबरोबर सकाळी कंबरही आखडू लागली, तर गृहपाठ बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा.

एवढं सांगून तो म्हणाला, "आणि सर, घरात अनवाणी चालायचं नाही. फरशीवर तर नाहीच नाही. मऊ सपाता घाला."

इथून तिसरं भांडण सुरू झालं. ते घरातच.

मी मऊ सपाता आणल्या. आकाशी रंगाच्या. त्या घालून पहिल्या दिवशी हॉलमध्ये हिंडलो, कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी पाणी प्यायला स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडला आणि आईचा आवाज आला. "चपला!" एकच शब्द. माझी आई एक्याऐंशी वर्षांची आहे. तिला मोतीबिंदू आहे, तिला टीव्हीवरची माणसं ओळखू येत नाहीत, पण स्वयंपाकघरातली चपला तिला तीन खोल्यांवरून दिसते.

"आई, ह्या घरातल्याच आहेत. कोऱ्या आहेत."

"कोऱ्या असल्या म्हणून काय झालं? चपला त्या चपलाच. अन्न शिजतंय तिथं."

मी तिला पट्टा, कमान, धनुष्याची दोरी सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "विठोबा इतकी युगं विटेवर उभा आहे, त्यानं घातल्या का सपाता?"

ह्यावर मी म्हणालो की विठोबा एकाच विटेवर उभा आहे, तो देवळातून मोरीत आणि मोरीतून अंगणात फेऱ्या मारत नाही. शिवाय श्रीकृष्णाचा अवतार संपला तो पायाला बाण लागूनच, तेव्हा देवांच्या पायांचा दाखला देण्यात अर्थ नाही. आई रुसली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

वाचकहो, मला आपल्या चालीरीतींची चेष्टा करायची नाही. बाहेरची चपला बाहेर राहावी हे योग्यच आहे. रस्त्यावरचं काय काय तिला लागलेलं असतं हे मी वडवणीच्या रस्त्यावर रोज पाहतो. पण आपल्याकडे चपला कुणी, कुठे आणि कुणासमोर घालायची हे पायाच्या सोयीने कधी ठरलेलंच नाही. ह्याच मुलखात काही माणसांना काही घरांवरून जाताना चपला काढून हातात घ्याव्या लागत होत्या, आणि ही गोष्ट फार पुराणातली नाही. चपला हा आपल्याकडे पायाचा प्रश्न नाहीच. तो मानाचा प्रश्न आहे. म्हणून तर ती पायात असताना कुणाला दिसत नाही आणि उंबरठ्यावर आली की सगळ्यांना दिसते.

तर आमचा अबोला चालू असताना तिसऱ्या दिवशी मी जेवताना, दुखणाऱ्या माणसाच्या नेहमीच्या सुरात म्हणालो, "तुम्हाला कल्पना नाही टाच दुखणं म्हणजे काय असतं त्याची."

भाकरी थापता थापता आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "मला आहे."

"म्हणजे?"

"माझी डावी तीन वर्षं दुखतेय. सकाळी फार. मग कामाला लागलं की कमी होतं. संध्याकाळी परत."

मी घास हातात धरून तसाच बसलो. तीन वर्षं! माझ्या टाचेचे दोन फोटो, फोड, बीडच्या चार फेऱ्या, आकाशी सपाता, अकरा तज्ज्ञ. आणि ओट्यापुढच्या टाचेचा घरात उल्लेख नाही. "मग बोलली का नाहीस?" मी विचारलं. हा प्रश्न नवरे विचारतात, आणि त्याचं उत्तर त्यांना माहीत असतं.

"सांगून काय करायचं होतं? भाकरी कुणी थापल्या असत्या?"

इतका वेळ कोपऱ्यात पाटावर बसलेली आई ह्यावर बोलली. अबोला तिच्याच तोंडून मोडला. "आमच्या वेळी असं नव्हतं. चुलीपाशी बसून करायचो. भाजी चिरायची बसून, दळायचं बसून, थापायचं बसून. धुरानं डोळे गेले ते गेले, गुडघे गेले; पण टाच नाही दुखली. तुम्ही हा ओटा आणला आणि बाईला उभं केलं ते केलंच. बसवायचं विसरलात."

तीस वर्षं विज्ञान शिकवून मला जे सुचलं नाही ते तिने दोन मिनिटांत सांगितलं. आपण गॅस आणला, कडाप्प्याचा ओटा बांधला, धूर घालवला. फार चांगलं केलं. पण ओटा उभ्या माणसाच्या मापाने बांधला आणि खाली गार कडक फरशी घातली, आणि त्या फरशीवर सकाळचे तीन तास आणि संध्याकाळचे तीन तास अनवाणी उभं राहणाऱ्या बाईला सोवळं सांगितलं. ह्याला सुधारणा म्हणायचं!

म्हणून माझं चौथं आणि शेवटचं भांडण आहे ते उभं राहण्याच्या भक्तीशी.

शाळेत शिक्षा कशी देतात? "उभा राहा." जास्त अपराध असेल तर "बाकावर उभा राहा." पंधरा मिनिटांत पोरगं रडकुंडीला येतं. उभं राहणं ही शिक्षा आहे हे आपल्याला पक्कं माहीत आहे, म्हणून तर आपण ती देतो. आणि तीच शिक्षा कपड्याच्या दुकानातल्या मुलीला रोज दहा तास दिली की तिला आपण नोकरी म्हणतो. गिऱ्हाईक आलं की उभं राहावं, हे ठीक. गिऱ्हाईक नसलं तरी उभं राहावं, कारण बसलेला नोकर मालकाला कामचुकार दिसतो. माझंही तेच. वर्गात तपासणीला साहेब येतात तेव्हा मी खुर्चीवर बसलेला दिसलो तर शेरा खराब पडतो. मी उभा राहून चुकीचं शिकवलं तर चालतं. वर्गात खुर्ची असते, पण ती हार घातलेल्या तसबिरीसारखी असते. तिच्याकडे पाहायचं, तिच्यावर बसायचं नाही.

केरळात कोळीकोडच्या साड्यांच्या दुकानांतल्या बायकांनी 'आम्हाला बसू द्या' एवढ्या मागणीसाठी कित्येक वर्षं लढा दिला. २०१८ साली तिथला कायदा बदलला आणि दुकानातल्या नोकराला बसायला जागा देणं मालकावर बंधनकारक झालं. २०२१ साली तमिळनाडूने तसाच कायदा केला. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसता यावं, अशी तरतूद लिहिलेली होती. म्हणजे स्वतंत्र झाल्याबरोबर वर्षभरात आपण हे कागदावर लिहून ठेवलं, आणि एकविसाव्या शतकात बायकांना स्टुलासाठी भांडावं लागलं. एवढा वेळ ते स्टूल होतं कुठे?

हे भांडण मी मनातल्या मनात मोठ्या आवेशाने भांडत असतानाच, दसऱ्याच्या आधी, एक बाई शाळेत आली. आमच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला हजारो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'कोयता' म्हणतात. दोन माणसं मिळून एक हत्यार. ही बाई आपल्या मुलाचं नाव हंगामी वसतिगृहात घालायला आली होती, म्हणजे ती तिकडे असताना पोराची शाळा बुडू नये. मी यादी आणायला कपाटाकडे लंगडत निघालो. ती म्हणाली, "सर, पाय दुखायलाय का?"

"टाच," मी म्हणालो. मला वाटलं, आता वीट तापवायला सांगणार.

ती म्हणाली, "मग बसा की. तुमाला बसता येतंय तर बसावं."

एवढंच. सल्ल्यात सल्ला नव्हता, टोमणा नव्हता. तिने सरळ एक हिशेब सांगितला होता. फडात खाडा झाला तर मजुरी बुडते आणि वर दंड पडतो. पहाटे उठून ऊस तोडायचा, मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढायचं. तिथे पहिल्या पावलाला कळ येवो की शंभराव्याला, मुकादमाच्या वहीत टाचेचा रकाना नसतो. आमच्या ह्याच बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारच्या समितीने ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांवर बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीचे चार दिवस परवडत नाहीत, पोटाचं दुखणं परवडत नाही, म्हणून दुखणारा अवयवच काढून टाकायचा! मग अशा बाईला कुठल्या तोंडाने सांगायचं की टाचेला विश्रांती द्या, मऊ सपाता घाला आणि बाटली गोठवायला फ्रीज वापरा?

सगळ्या वैद्यांचा, सगळ्या ग्रंथांचा, सगळ्या भाषांतला पहिला उपाय एकच आहे: विश्रांती. फुकटातला उपाय म्हणून तो सांगतात. माझं म्हणणं आहे की ह्या देशात एवढं महाग औषध दुसरं नाही. ते ज्यांना मिळतं त्यांनाच मिळतं. मी त्यांतला एक आहे. म्हणून मी त्या दिवशी बसलो आणि बसूनच यादीत त्या मुलाचं नाव लिहिलं. तिच्यासाठी दुसरी खुर्ची पुढे केली. ती उभीच राहिली. "ऱ्हाऊ द्या, सवय आहे," म्हणाली. सवय आहे! माझ्या चौपन्न वर्षांच्या टाचेइतकंच निमूटपणे.

तर माझ्या मागण्या लांबलचक नाहीत. दुकानात स्टूल हवं. वर्गातली खुर्ची बसण्यासाठी असावी, तसा शेराच साहेबांनी वहीत लिहून द्यावा. फडावर दुखण्याचा खाडा हा दंडाचा विषय नसावा. आणि घरोघरच्या ओट्यापाशी एक उंच बैठक आणि एक जोडी मऊ सपाता असावी. ह्यांतलं पहिलं, दुसरं आणि तिसरं माझ्या हातात नाही. चौथं होतं. म्हणून मी सुताराकडून ओट्याच्या उंचीला साजेसं स्टूल करून घेतलं आणि हिच्यासाठी गुलाबी सपाता आणल्या.

सपातांचा ठराव आईनेच मंजूर केला. मधले दोन दिवस तिने विचार केला असावा. "त्या घराबाहेर जाणार नाहीत ना? मग त्या चपला नव्हेतच. ते पायातलं आसन झालं," असं तिने जाहीर केलं. धर्माला वाट काढायची असली की तो अशी सहज काढतो. अडतो तो फक्त आपल्याला सोयीचं असेल तेव्हा.

आठ महिने झाले. माझी टाच पुष्कळ बरी आहे. सकाळी आम्ही दोघं पलंगाच्या दोन कडांना बसून आपापला पाय मांडीवर घेतो, बोटं ओढतो आणि दहापर्यंत मोजतो. मी लवकर लवकर मोजतो, ती सावकाश. त्यामुळे तिची टाच माझ्या आधी बरी होण्याच्या मार्गावर आहे. चहा त्या वेळात कुणीच करत नाही. बरेच दिवस तो उशिरा मिळाल्यावर माझ्या ध्यानात आलं की तो मलाही करता येतो.

स्टुलाचं मात्र वेगळंच झालं. त्यावर आई बसते. सकाळपासून रात्रीपर्यंत. तिथून तिला ओटा, डबे, देवघर आणि माझा पाय एकाच वेळी दिसतो. आता दुसरं स्टूल करायला टाकलं आहे. सुतार विचारत होता, "सर, घरात येवढी बसणारी माणसं किती हायत?"

मी म्हणालो, "बसणारी एकच आहे. उभी असलेली मोजतोय."